पिशवी रॅकवर, गाडी मेहकरच्या वाटेला

लग्नसराई सरत आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो. ‘एसटीत चढताना गळ्यातली पोत गेली. पोलिसांनी गहाळ म्हणून लिहून घेतले. आता पुढे काय?’ ‘शेगावला उतरलो आणि बॅग डब्यातच राहिली. तक्रार शेगावला द्यायची की अकोल्याला?’ ‘चोर सापडला, दागिनाही सापडला म्हणतात, पण हातात देत नाहीत. असे कसे?’ प्रश्न वेगवेगळे दिसले तरी गोंधळ एकच आहे. जायचे कुणाकडे आणि तिथे सांगायचे काय, हे ऐन वेळी सुचत नाही.

आधी माझीच फजिती सांगते. खामगावच्या चांदीच्या पेठेतून आजीने कधीकाळी घेतलेला करंडा घेऊन मी बुलढाण्याहून निघाले होते. पिशवी वरच्या रॅकवर ठेवली, चिखलीला उतरले, रसवंतीवर रसही प्याले आणि मग हात रिकामे असल्याचे लक्षात आले. तोवर गाडी मेहकरच्या वाटेला लागली होती. चूक सर्वस्वी माझी. रडवेल्या चेहऱ्याने मी वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी गेले आणि आजीची आठवण, चांदीचा भाव, माझा धांदरटपणा असे सगळे सांगू लागले. त्यांनी शांतपणे विचारले, “तिकीट हाये का?” पर्सच्या तळाशी चुरगळलेले तिकीट सापडले. त्यावरून त्यांनी गाडी ओळखली, दोन फोन केले आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीने पिशवी चिखलीला आली. आजीची गोष्ट मात्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकली नाही. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. आज वाटते, त्यांचेच बरोबर होते. वस्तू किती मोलाची यापेक्षा ती कोणत्या गाडीत, किती वाजता, कुठे होती, यावर ती परत येते की नाही हे ठरते.

१६ ऑक्टोबर १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये यो-यो मा हे जगप्रसिद्ध चेलोवादक आपला १७३३ साली घडवलेला, पंचवीस लाख डॉलरचा चेलो टॅक्सीच्या डिक्कीत विसरून उतरले. त्यांच्याजवळ टॅक्सीची पावती होती. तिच्यावरून पोलिसांनी काही तासांत टॅक्सी शोधली आणि त्याच संध्याकाळी ते त्या चेलोवर वाजवायला बसले. एसटीचे तिकीट खिडकीबाहेर भिरकावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. महिलांचे अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचे शून्य रुपयांचे तिकीटही तितकेच कामाचे असते. ‘फुकटच तर आहे’ म्हणून ते टाकू नका.

राहिली, पडली की चोरली?

कुणाकडेही धावण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर बदलले की जागाही बदलते.

- राहिली: तुम्ही उतरलात, वस्तू गाडीत आहे. इथे गाडीचा पाठलाग फोनवरून करायचा असतो. पोलीस ठाणे नंतर.
- पडली: कुठे ते नक्की नाही. आल्या वाटेवरच्या प्रत्येक थांब्यावर चौकशी करा, आणि त्याच दिवशी पोलिसांत गहाळ नोंद करा.
- चोरली: कापलेली पर्स, तुटलेली कडी, ओढल्याची जाणीव, रेटारेटी करून चटकन उतरलेली माणसे, असे काही असेल तर ही चोरी आहे. थेट पोलीस.

पुष्कळ जण चोरीला ‘पडली असेल’ म्हणतात, कारण चोरी म्हटले की आपलाच बावळटपणा उघडा पडतो असे त्यांना वाटते. उलट, रॅकवर राहिलेल्या पिशवीसाठी कुणी शेजारच्या प्रवाशावर आळ घेतो. दोन्हींत वेळ जातो.

एसटीत राहिली असेल तर

रेल्वेमार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाने मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो आणि जलंबहून एक फाटा खामगावला. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या पट्ट्याला आगगाडी नाही. तेव्हा बहुतेकांच्या वस्तू एसटीतच राहतात आणि बऱ्याचशा मिळतातही, कारण प्रवास संपल्यावर गाडी तपासून सापडलेली वस्तू जमा करणे हे वाहकाच्या कामातच येते.

उतरलेल्या स्थानकावरच वाहतूक नियंत्रकाला गाठा. पुढच्या गाडीने आधीच्या गाडीचा पाठलाग करू नका, रिक्षाही करू नका. तुम्ही पोचेपर्यंत ती परत फिरलेली असते. तिकीट दाखवा. तिकीट नसेल तर गाडी कुठून कुठे जाणारी, तुम्ही कुठे आणि साधारण किती वाजता बसलात, कोणत्या बाजूच्या कितव्या सीटवर होतात, हे सांगा. लाल की निमआराम, हेही सांगा. तिकिटाचे पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्या व्यवहाराची वेळ फोनमध्ये असते, ती पाहा.

इथे एक घोटाळा होतो. मेहकरच्या स्थानकात उभी असलेली गाडी मेहकर आगाराचीच असते असे नाही. ती पुण्याची असेल, अकोल्याची असेल. वस्तू कधी गाडीच्या शेवटच्या थांब्यावर जमा होते, कधी तिच्या मूळ आगारात. तेव्हा दोन्हीकडे विचारा. दिवसभरात पत्ता लागला नाही तर आगार व्यवस्थापकाच्या नावे अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारणा दुसऱ्या दिवशीच्या पाळीतल्या माणसापर्यंत पोचत नाही.

वस्तू घ्यायला जाताना ओळखपत्र न्या. आत काय काय आहे ते विचारले तर चिडू नका. उद्या दुसराच कुणी ‘माझीच आहे’ म्हणत आला तर त्यालाही असेच विचारावे, अशी तुमचीही इच्छा असेल.

रेल्वेत राहिली असेल तर

१३९ हा क्रमांक लावा किंवा रेल मदद ॲपवर तक्रार टाका. गाडी क्रमांक, डबा, आसन किंवा बर्थ, वस्तूचा रंग-आकार आणि तुम्ही उतरलात ते स्थानक, या क्रमाने सांगा. आरक्षण असेल तर पीएनआर सांगितला की अर्धी माहिती त्यातच येते. त्याच वेळी फलाटावरच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला किंवा स्टेशन मास्तरांना गाठा.

घाई का, तर अंतरे पाहा. शेगाव सोडून नागपूरकडे निघालेली गाडी साधारण अर्ध्या तासात अकोल्याला लागते. निरोप तेवढ्यात पोचला तर तिथला जवान डब्यात चढून बॅग उतरवून घेतो. मलकापूरहून मुंबईकडे गेलेल्या गाडीसाठी असाच भरवशाचा मुक्काम भुसावळचा. अर्धा तास ‘आधी घरी जाऊन पाहू’ म्हणण्यात घालवला तर शोध नागपूर किंवा मुंबईपर्यंत लांबतो.

साखळी ओढावी का, असेही विचारले जाते. पुरेशा कारणाशिवाय ओढल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली वर्षभरापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फलाटावरून सुटत्या गाडीत पुन्हा चढण्याचा प्रयत्न तर करूच नका. बॅग अकोल्याला मिळेल.

सापडलेल्या सामानासाठी रेल्वे सुरक्षा दलाची ‘ऑपरेशन अमानत’ नावाची मोहीम आहे. सापडलेल्या वस्तूंचे फोटो आणि वर्णन रेल्वे विभागाच्या संकेतस्थळावर टाकले जाते. आठवडा झाला म्हणून आशा सोडू नका, यादी पाहत राहा. १९१२ साली लंडनमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या इंग्रजी ‘गीतांजली’चे हस्तलिखित त्यांच्या मुलाच्या, रथींद्रनाथांच्या, हातून भुयारी रेल्वेत राहिले होते. ते मिळाले हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात. कुणीतरी सापडलेली बॅग जमा केली आणि कुणीतरी मागायला गेले, एवढ्यावर ते काम झाले. पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले. कार्यालयात चौकशीला जायलाच ज्यांना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी हे सांगितले.

ट्रॅव्हल्स आणि काळी-पिवळी

चिखली, मेहकर, खामगावहून रात्री पुण्या-मुंबईला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये सामान डिक्कीत जाते आणि पावती मिळत नाही. सामान टाकताना गाडीच्या मागच्या पाटीचा फोटो घ्या, त्यात आपली बॅगही दिसू द्या. बुकिंगचा संदेश पुसू नका. गाडी समृद्धी महामार्गावर लागली की मधे उतरणारे आपापले सामान अंधारात काढतात आणि सारख्या दिसणाऱ्या काळ्या बॅगांची अदलाबदल होते. चोरीपेक्षा अशी अदलाबदलच जास्त. दुसऱ्याची बॅग तुमच्याकडे आली असेल तर ती तशीच ठेवून लगेच बुकिंगवाल्याला कळवा. तुमची बॅग बहुधा त्याच माणसाकडे असते आणि तोही तुमच्याइतकाच घाबरलेला असतो.

काळी-पिवळीला तिकीट नाही, वेळापत्रक नाही. पण स्टँडवर नंबर लावणारा माणूस असतो आणि कोणती गाडी कितव्या नंबरला सुटली हे त्याला तोंडपाठ असते. आधी त्याला विचारा.

यात्रा, दर्शन आणि गर्दी

शेगावला प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी; सिंदखेडराजाला १२ जानेवारी; होळीच्या सुमाराला सैलानी; आषाढीनंतर पालखी परतताना खामगाव ते शेगाव पायी चालणारा जनसमुदाय. या दिवसांत जिल्ह्याबाहेरची माणसे येतात, त्यांत हातचलाखीवालेही असतात. मंदिरात वस्तू पडली तर सेवेकऱ्याला सांगून संस्थानच्या चौकशीत नोंद करा. रांगेतून उलट दिशेने घुसून शोधू नका. यात्रेत पोलिसांची तात्पुरती मदत केंद्रे असतात. तिथे तोंडी सांगितल्यावर ठाण्यातली लेखी नोंदही करायची असते, ही गोष्ट लोक विसरतात.

चोरी झालीच तर

बसस्थानकावर ‘माह्या गयातली पोत गेली वो!’ अशी आरोळी उठते ती बहुतेक वेळा गाडीच्या दाराशी. रेटारेटीत कुणी मुद्दाम आडवे उभे राहते, कुणी नाणी पाडते, कडेवर पोर असलेली बाई मागून रेटते. दुसरा प्रकार थेट रस्त्यावरचा. ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगून वृद्धांना गाठतात आणि गाठोडे बांधून देताना बदलतात. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. कुणी सांगितले तर काढू नका, गर्दीकडे सरका आणि ११२ लावा.

गाडी चालू असताना चोरी लक्षात आली तर वाहकाला सांगा. दारे बंद ठेवून गाडी थेट पोलीस ठाण्यात नेता येते आणि आपल्याकडचे चालक-वाहक तसे करतातही. सहप्रवाशांची झडती मात्र स्वतः घेऊ नका. महिलेची झडती महिलाच घेईल. संशयावरून कुणाला मारहाण झाली तर गुन्हा तुमच्याच अंगावर येतो, आणि मुद्देमाल त्या गोंधळात तिसऱ्याच हाती जातो.

ठाण्यात काय लिहून द्यायचे

हा भाग नीट वाचा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने घ्यायची असते, गुन्हा कुठेही घडलेला असो. देऊळगावराजाहून बसलात, चोरी वाटेत झाली आणि लक्षात आली जालन्याला, तर जालन्यात तक्रार द्या. ते ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतील. तक्रार ऑनलाइनही देता येते, पण मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

रेल्वेत दोन वेगळी दले आहेत. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे. विसरलेले सामान, गाडीतली मदत यासाठी ते उपयोगी. प्रवाशाच्या चोरीचा गुन्हा मात्र लोहमार्ग पोलीस नोंदवतात. ते राज्याचे असतात आणि शेगावला त्यांचे ठाणे आहे. चालत्या गाडीत चोरी झाली तर तक्रारीसाठी मधेच उतरण्याची गरज नाही. तिकीट तपासनीस किंवा गाडीसोबतच्या पोलिसांकडे फिर्यादीचा छापील नमुना मागा आणि भरून द्या.

आता शब्दांची गोष्ट. ठाण्यात तीन प्रकारची कागदपत्रे होतात:

- गहाळ नोंद. वस्तू हरवली एवढेच त्यात येते. दुय्यम कागदपत्रे, सिमकार्ड यांसाठी पुरते. चोराचा तपास त्यावर होत नाही.
- अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.
- एफआयआर. तपास, विम्याचा दावा, वस्तू परत मिळवणे, सगळे यावर उभे.

साध्या चोरीत वस्तूची किंमत पाच हजारांहून कमी असेल तर नव्या कायद्याने ती अदखलपात्र ठरते. आजोबांची वही, आजीचा छोटा करंडा, वडिलांचे बंद पडलेले घड्याळ. जिवाला लागणाऱ्या वस्तूंची बाजारात किंमत ती काय? पण प्रवासी वाहनातून झालेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये वेगळी धरली आहे. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती दखलपात्र आहे आणि तिथे पाच हजारांची अट नाही. गळ्यातून हिसकावली असेल तर कलम ३०४. तेव्हा तक्रारीत ‘बसमध्ये बसल्यावर, रॅकवरून’ किंवा ‘चालत्या रेल्वेच्या डब्यातून’ असे घडले तसे स्पष्ट लिहा. फलाटावर घडलेले बसमध्ये घडले म्हणून लिहू नका, खोटे कॅमेऱ्यात उघडे पडते.

वर्णनात वजन, अंदाजे किंमत आणि खूण द्या. ‘सोन्याची पोत’ हजार असतात. ‘मधला एक मणी चेपलेला, मागची कडी एकदा झाळलेली’ अशी एकच असते. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. पावतीवर असेल तर तोही लिहा. आणि स्थानकाच्या सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवावे अशी लेखी विनंती त्याच दिवशी द्या. जुन्यावर नवे चढते. आठ दिवसांनी मागितलेत तर हाती काही लागत नाही.

ठाण्याने नोंद नाकारली तर वाद घालत बसू नका. तोच मजकूर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पोच जपा. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मोबाइल गेला असेल तर दोन कामे जादा. बँक आणि यूपीआय बंद करा, पैसे गेले असतील तर १९३० लावा. मग दुसरे सिम घेऊन, तक्रारीची प्रत आणि आयएमईआय क्रमांक जोडून संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर फोन अडवा. हा क्रमांक बिलावर आणि खोक्यावर असतो. आजच *#०६# दाबून पाहा आणि वहीत उतरवा.

सापडले, पण हातात का देत नाहीत?

कारण ती वस्तू आता खटल्यातला पुरावा, म्हणजे मुद्देमाल आहे. पोलीस ती मनाने देऊ शकत नाहीत, न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी ‘सुपुर्दनाम्यावर मिळावी’ असा अर्ज करायचा. सोबत एफआयआरची प्रत, ओळखपत्र, पावती जोडा. पावती नसेल तर तो दागिना घातलेला लग्नातला फोटो आणि सोनाराचा दाखला द्या. वकील असणे सोयीचे.

खटला संपेपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागते, हा समज जुना झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले की असा ऐवज पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त ठाण्यात ठेवू नये. फोटो आणि पंचनामा करून तो द्यावा. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९७ तर मुदतच घालते. वस्तू न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत तिचे वर्णनपत्र करायचे, छायाचित्रण करायचे आणि त्यानंतर ३० दिवसांत ताब्याचा आदेश द्यायचा. अर्जात या कलमाचा उल्लेख करा.

वस्तू हाती आली तरी बंधपत्राच्या अटी वाचा. खटला संपेपर्यंत ती विकायची, मोडायची किंवा बदलायची नसते. पोत मिळाली म्हणून आनंदाने ती मोडून नवा हार केला, तर न्यायालयात दाखवणार काय?

नुकसानभरपाई कोण देणार?

इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १०० प्रमाणे बुक करून पावती न घेतलेल्या, स्वतःजवळच्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येत नाही. रेल्वे कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तरच येते. रेल्वेत कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेलेल्या एका प्रवाशाच्या बाजूने ग्राहक मंचाने निकाल दिला होता. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. स्वतःजवळचे सामान प्रवाशाला सांभाळता आले नाही तर रेल्वेच्या सेवेत त्रुटी म्हणता येणार नाही, असा तो निकाल.

मात्र आरक्षित डब्यात तिकीट नसलेली माणसे शिरू दिली, तक्रार करूनही तपासनीस फिरकला नाही, अशा प्रकरणांत ग्राहक आयोगांनी प्रवाशाच्या बाजूने निकाल दिलेले आहेत. म्हणून चोरीपूर्वीच अनोळखी माणसे डब्यात दिसली तर रेल मददवर तक्रार टाकून ठेवा. तिची वेळ हाच पुढे तुमचा पुरावा. ट्रॅव्हल्सने डिक्कीत घेतलेली बॅग हरवली तर तुमची बाजू अधिक भक्कम आहे, कारण सामान त्यांच्या ताब्यात होते. ग्राहक तक्रार दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. गाडी पुण्याची असली तरी बुलढाण्याचा जिल्हा आयोग चालतो. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

रेल्वे तिकिटासोबत घेतलेला विमा अपघाताचा असतो, पिशवीचा नव्हे.

दुसऱ्याची वस्तू तुम्हाला सापडली तर

वाहक, स्टेशन मास्तर किंवा पोलीस यांच्याकडे द्या आणि देताना आतल्या वस्तूंची यादी करून सही घ्या. पुढे ‘आत आणखी होते’ असे कुणी म्हटले तर ती तुमची ढाल. मालकाचा शोध घेण्यासाठी वस्तू जवळ ठेवणे गुन्हा नाही. मालक कळू शकत असताना, किंवा शोधण्याचा प्रयत्नच न करता, ती आपलीशी करणे हा न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे. बक्षीस जाहीर झालेले असेल तर ते मागण्याचा हक्क तुम्हाला १८७२ च्या करार कायद्याने दिला आहे.

व्हॉट्सॲपवर टाकताना सगळे वर्णन देऊ नका. ‘अमुक ठिकाणी एक पर्स सापडली’ एवढे पुरे. आत काय होते ते मालकाला सांगू द्या. आणि तुमची वस्तू हरवली असेल तर एक खूण स्वतःपाशीच ठेवा. ‘तुमची बॅग सापडली, पाठवायचा खर्च आधी टाका’ असा फोन आला तर तीच खूण विचारा. बहुतेक फोन तिथेच कटतो.

निघण्याआधीची दहा मिनिटे

- मोलाच्या वस्तूचा दोन बाजूंनी फोटो, वजन आणि खूण लिहून घरी ठेवा. आजीच्या दागिन्याची पावती कुठून असणार. फोटोच तिची पावती.
- दागिने गळ्यात घालून गर्दीच्या गाडीत चढू नका. लग्नघरी पोचून घाला. सगळे एकाच पिशवीतही नको.
- मोलाची पिशवी रॅकवर नको, सीटखाली नको. मांडीवर, आणि तिचा बंद हाताला.
- किती नग आहेत ते चढताना मोठ्याने मोजा आणि उतरताना पुन्हा. लहान मुलांना हे काम आवडते, त्यांनाच द्या.
- बसल्यावर तिकिटाचा फोटो काढून घरी कुणाला तरी पाठवा.
- पिशवीच्या आतल्या कप्प्यात एक चिठ्ठी ठेवा. पूर्ण पत्ता नको, फक्त फोन नंबर. आणि तो स्वतःचा नको, घरी असलेल्या माणसाचा लिहा. तुमचा फोन त्याच पिशवीत असू शकतो.